सोळा अधिक किती?

"माणसाचं वय ओळखाले मले कागद लागत नाही. टाच दाखवा, वय सांगतो!" असं नत्थुजी छातीवर हात मारून सांगत. ऐकणारा निमूटपणे पाय मागे घेई.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. नत्थुजींनी बारा वर्षं अंजनगाव सुर्जीच्या एका टॉकीजचं दार सांभाळलं होतं, सत्तर सालापासून ब्याऐंशीपर्यंत. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती पुढे चाळिशी ओलांडल्यावर साक्षरता वर्गात झाली. पण सिनेमाचे शिक्के त्यांना आकारावरून पाठ होते. शिक्के दोनच! एक घोड्याच्या नालेसारखा यू, दुसरा फाकलेल्या शिडीसारखा ए. नाल म्हणजे लेकराबाळांसकट या. शिडी म्हणजे अठराच्या वरचेच चढा. बाकी भानगड नाही! शिडीचा सिनेमा लागला की नत्थुजी दारात असे उभे राहत, की आत सिनेमा नसून सरकारी खजिना आहे.

संशय घेणं हा त्या नोकरीचा भाग होता. नोकरी सुटली, शेती आली, संशय मात्र गेला नाही. भाजीवालीने एक वांगं जास्त टाकलं तर नत्थुजी ते आधी उभं चिरून पाहत, मग आडवं चिरून पाहत, आणि तरीही पार्वताबाईंना म्हणत, "आज याची भाजी नको करू."

अशा माणसाच्या मुलाला मुलीकडून होकार आला. मग काय विचारता!

शिवम हा नत्थुजींचा एकुलता मुलगा, चार बहिणींनंतर झालेला. आठ एकर काळी जमीन, कापूस, तूर, थोडी संत्री. मुलगा निर्व्यसनी, कामाला वाघ. पण सध्याच्या दिवसांत शेती करणारा नवरदेव म्हणजे बाजारात उरलेली पालेभाजी! गावात तिशी ओलांडलेले सतरा नवरदेव घोड्याची वाट पाहत बसले होते. शिवमसाठी अकरा घरी जाऊन झालं होतं. "पोरगा काय करते?" "शेती." "बरं बरं, पाहू." हे 'पाहू' म्हणणारे लोक पुढे कधीही दिसले नाहीत. आता बारावं घर, आणि त्यांनी सरळ हो म्हटलं. हेही निसटलं तर तेरावं घर कोणाला ठाऊक नव्हतं.

"हो म्हटलं?" नत्थुजींनी चहाची बशी खाली ठेवली. "काहून?"

"आता हो म्हटलं तं बी तरास काय जी तुमाले!" पार्वताबाई म्हणाल्या.

"अवो शिवमची माय, डोकं चालव. पोरगी बीएस्सी. अकोल्यात जठारपेठेत सोताचं घर. माती तपासाच्या प्रयोगशाळेत कामाले. अन् आपल्या तुरीवाल्या पोट्ट्याले हो म्हणते? काही तरी लपवून राहिले हे लोक. वय! कागदावर सत्तावीस लिहिलं, पस्तीस असन!"

"वयाचं काहून काढता उगीच?" पार्वताबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

नत्थुजींनी त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. त्यांची नजर पहिल्यापासून बाहेरच्यांवर.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा, खुशालरावांचा फोन आला. खुशालराव निवृत्त ग्रामसेवक, बोलणं मोजूनमापून. पण त्या दिवशी मात्र आवाजाला उकळी फुटली होती. "रविवारी दुपारी अकोल्याले या. मॉलमधी एक जुना सिनेमा पुन्हा लागला हाय, इहिरीतल्या भुताचा. सगळे मिळून पाहू. पोरं बोलतीन, आपण बी बोलू. तिकिटं मी काढतो! याच बरं का, हाच सिनेमा पाहाचा हाय!"

फोन ठेवून नत्थुजींनी भुवया चढवल्या. मग हळूच म्हणाले, "इहिरीवाला? त्याले तं शिडी होती!"

"कायची शिडी?"

"अठराची! ऐंशी साली पाच आठवडे चालला होता आपल्या टॉकीजवर. तवा लोकं तोंडाले दुपट्टा बांधून येत. अन् हा माणूस बायकोपोरीले घेऊन, नव्या सोयऱ्याइले घेऊन तो सिनेमा पाह्यते? हाच पाहाचा म्हणते? ग्रामसेवक होता म्हणते न हा? पाह्य, काय काय निघते!"

पण लगेच त्यांच्या डोळ्यांत जुनी दारवाल्याची चमक आली. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बरं झालं! शिडीच्या सिनेमाले दारावर वयाचा कागद पाह्यतेत. पोरीले कार्ड काढाच लागीन. मी तिच्या मांगंच उभा राह्यतो. जन्मसाल डोळ्यानं वाचतो. सापडली म्हण!"

तव्यावरची पोळी काळी झाली. पार्वताबाई म्हणाल्या, "मंग शिवमचं कार्ड घरीच राहू द्या. गर्दीत हरपते."

"कार्डाशिवाय दार नाही!" नत्थुजी गरजले. आणि तिघांचीही कार्डं त्यांनी स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात घालून वरून पिन लावली.

रविवारी अकोटमार्गे एसटीने हे तिघे अकोल्याला पोचले. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर खुशालराव, त्यांच्या पत्नी शकुन आणि मुलगी आकांक्षा उभे होते. खुशालरावांनी नवीन शर्ट घातला होता. जणू त्यांचंच लग्न जमवायचं होतं! शकुनबाईंनी पार्वताबाईंचे हात धरले. आकांक्षाने वाकून नमस्कार केला. नत्थुजींनी आशीर्वाद देता देता तिच्या टाचांकडे पाहिलं. पण टाचा पांढऱ्या बुटांत होत्या. पहिला संशय तिथंच पक्का झाला. टाच झाकून आली!

मग त्यांची नजर सिनेमाच्या जाहिरातीवर गेली. विहीर तीच, भूत तेच. पण शिक्का? त्यांनी चष्मा पुसला. शिडी एकटी नव्हती. आधी नाल, तिला चिकटून शिडी, पुढे सोळाचा आकडा आणि त्याच्यापुढे बेरजेची खूण.

"सोळा अधिक..." नत्थुजी मोठ्याने वाचू लागले, आणि थांबले. "अधिक किती? उत्तरच नाही! शिवम, हे गणित अर्धं काहून सोडलं?"

"बाबा, हळू बोला न जी."

"हळू काहून बोलू? सोळा अधिक दोन, अठरा. अठराच होते! कोणी तरी उत्तर खोडलं. इथं गडबड हाय!"

ते तडक दाराकडे गेले. दारात काळा कोट घातलेली एक तरतरीत मुलगी उभी होती. छातीवर नाव, अमरीन.

"दारवाला कोठी हाय?"

"मीच हाय न चाचा. बोला."

नत्थुजींनी तिला वरून खाली पाहिलं. खुशालरावांनी तेवढ्यात फोन पुढे केला, अमरीनने त्यावर एक यंत्र धरलं, टिक असं वाजलं. "सहा जण. जा चाचा, आतमधी."

"अन् तिकीट? फाडलं नाही?"

"तिकीट फोनातच हाय, चाचा."

"फाडलं नाही तं हेच तिकीट अजून धा जण दाखवतीन! बारा वर्षं दार सांभाळलं बाई मी. न फाडता कोणाचा बापही आत गेला नाही! बरं ते राहू दे. हा शिक्का कोणी बदलला, ते सांग. या सिनेमाले शिडी होती."

अमरीनला त्यांच्याकडे पाहून आजोबा आठवले असावेत. ती समजावून सांगू लागली. "चाचा, तुमच्या टाइमले दोनच शिक्के होते. त्र्याऐंशीच्या साली दोघं जोडून तिसरा काढला. म्हणजे लेकरं येऊ शकतेत, पण मायबापानं समजून आणाचं. लय वर्षं तेच चाललं. आता मांगच्या साली त्या जोडशिक्क्याचे तीन केले, सात, तेरा अन् सोळा. अठराची शिडी अलगच हाय."

"म्हणजे कापसाच्या ग्रेडीसारखं?"

"हाव, तसंच समजा."

"मंग मले सांग, शेवटच्या वेचणीचा फरतड कापूस कधी पहिल्या ग्रेडीत जाते काय? शिडीचा सिनेमा सोळात कसा आला? कोणी कोणाले काय चारलं?"

"चाचा, कोणी काही नाही चारलं! काही सीन कापले, नवीन सर्टिफिकेट घेतलं. अन् जमाना बी बदलला न. तवा ज्याले लोकं भेत होते, ते पाह्यत पाह्यत आता पोट्टे मक्याच्या लाह्या खातेत."

मागे रांग लांबत चालली होती. कोणी तरी ओरडलं, "अबे, बुढ्याले आत घ्या, नाही तं बाहेर काढा!"

"चला न जी," शकुनबाई म्हणाल्या. "सिनेमा सुरू होईन."

पण नत्थुजींचा खरा बेत तर अजून बाकीच होता. ते दारात आडवे उभे राहिले.

"सोळा लिहिलं न? मंग पाह्य सगळ्याइचे कार्ड!"

"चाचा, याले कार्ड नाही लागत. शिडीवाल्यालेच लागते. अन् तुमच्यातलं कोणीच सोळाचं दिसत नाही!"

"दिसण्यावर जाशीन तं दार बुडवशीन! नियम म्हणजे नियम. मी सोता तिघाइचे देतो. घे!" आणि त्यांनी पिन काढून कार्डं तिच्या हातात ठेवली. "आता इकडच्या तिघाइचे घे."

अमरीनने रांगेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि हात पुढे केला. खुशालराव वैतागून म्हणाले, "द्या वो, द्या. सुरुवात हुकून राहिली माही!" सहाही कार्डं जमली. नत्थुजींनी मान लांब करून आकांक्षाचं कार्ड पाहिलं. बारा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. सत्तावीस. अगदी चोख सत्तावीस!

नत्थुजींचा चेहरा असा झाला, की वांगं चारी बाजूंनी चिरलं आणि कीड निघालीच नाही.

अमरीन मात्र आता रंगात आली होती. "नत्थुजी, एक जून एक्कावन. पार्वताबाई, एक जून पंचावन. खुशालराव, एक जून चौसष्ट. शकुनबाई, एक जून एकोणसत्तर. माशाल्ला! एवढ्या लोकाइचा एकाच दिवशी बड्डे? केक किती लागत असन!"

रांगेत हशा पिकला. आपल्याकडे यात नवल काही नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख आठवली नाही, की मास्तर एक जून लिहून मोकळे. शाळेत न गेलेल्यांना कार्ड काढणाऱ्याने तीच तारीख लावली. सगळा जुना वऱ्हाड एका दिवसात जन्मला आहे!

"अन् हे बी एक जूनच," अमरीनने शेवटचं कार्ड वर धरलं. "शिवम. एक जून त्र्याण्णव. बत्तीस वर्षं."

पार्वताबाईंना जोराचा खोकला आला. इतका जोराचा, की तो खोकला खोटा आहे हे पलीकडच्या आइस्क्रीमवाल्यालाही कळलं.

"बत्तीस?" खुशालराव सावकाश वळले. "बायोडाट्यात तं एकोणतीस हाय."

"एकोणतीस?" नत्थुजीही वळले. "कोणी लिहिलं एकोणतीस?"

मग पार्वताबाईंनी पदर सावरला. "मी सांगतलं लिहाले. बत्तीस लिहिलं की लोकं चहा बी पाजत नाहीत जी. अकरा घरं झाले. तीन वर्षं कमी केले, कोणाचं काय नेलं मी?"

"अन् मले सांगतलं नाही?"

"तुमाले सांगून काय करू? तुमी दारावर उभे राहून सगळ्या गावाले सांगसान! आताच सांगतलं न!"

शिवमने मान इतकी खाली घातली, की त्याची टोपी असती तर पडली असती. खुशालरावांचा आवाज थंड झाला. "म्हणजे माह्या पोरीचं वय तपासाले आले तुमी, अन् तुमच्याच पोराचं खोटं!"

"बाबा," आकांक्षा पहिल्यांदाच बोलली. "मला माहीत होतं त्यांचं वय. त्यांनीच सांगितलं."

"तुले कवा सांगतलं?"

"लोक माती तपासायला वर्षातून एकदा येतात. हे गेल्या वर्षात पाच वेळा आले. एकाच शेताची माती घेऊन." ती क्षणभर थांबली. "पाचव्या वेळी तर त्या पिशवीत मातीही नव्हती."

रांगेतून कोणी तरी शिट्टी मारली. शकुनबाई गालात हसल्या. त्यांना हे ठाऊक असावं. खुशालरावांना मात्र ठाऊक नव्हतं, आणि ते आणखीच तांबडे झाले. "म्हणजे दोघांनी मिळून माह्यापासून बी लपवलं! चला, निघू आपण."

आता नत्थुजी त्यांच्या वाटेत आडवे आले. बारावं घर डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललं होतं! काही तरी बोलून माणूस थांबवायला हवा, म्हणून त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात भारी होतं ते काढलं. आपला प्रामाणिकपणा!

"खुशालराव, माह्यावर तरी भरोसा ठेवा जी! मी खोटं चालू देणारा माणूस नाही. याच सिनेमाच्या वेळी, ऐंशी साली, अंजनगावले, माह्या दारातून एक बी कच्चं पोट्टं आत गेलं नाही. कोणाले मिशी असो का दाढी! मी नुसतं विचारो, 'काय बे, मास्तर कोण तुह्या वर्गावर?' मोठा माणूस डोकं खाजवे. शाळेतलं पोट्टं पटकन नाव सांगे. की पकडला कान!"

खुशालराव थांबले. त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

"वानखडे गुरुजी," ते म्हणाले.

"काय?"

"मी म्हटलं होतं, वानखडे गुरुजी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन वाजताचा खेळ. नऊ मैल सायकल मारत आलो होतो. आमच्या दादाचा शर्ट घालून, काजळानं मिशी काढून! अन् तुमी शंभर लोकाइसमोर कान धरला. मिशी पुसली तुमी माही, दुपट्ट्यानं!"

नत्थुजींना पोळा आठवला, दुपट्टा आठवला, काजळाचा डागही आठवला. तो डाग त्या दुपट्ट्यावरून कधी निघाला नव्हता.

"म्हणून हा सिनेमा?" शकुनबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हणो, माणसाले झालं तरी काय!"

"पंचेचाळीस वर्षं झाले! दादा पाहून आला. सगळा गाव पाहून आला. मीच राह्यलो. अन् तवा माहं वय किती होतं? सोळा! सोळा पूर्ण!" खुशालरावांनी जाहिरातीवरच्या आकड्यावर बोट आपटलं. "आजच्या शिक्क्यानं मी त्या दिवशी मानानं आत बसलो असतो!"

"पण तवा शिडी होती जी," नत्थुजी पुटपुटले. "मी काय करू? शिक्के काय मी काढतो?"

"करा तुमी एक काम. सोयरिकीचं सिनेमा झाल्यावर सांगतो. तोवर तुमी बाहेर राहा. पाहा कसं वाटते ते!"

आणि पाच जण आत गेले. सहावं तिकीट फोनातच राहिलं. पार्वताबाईंनी जाताना नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा कान धरलेला परवडला असता.

अमरीनने खुर्ची दिली, पण नत्थुजींना बसवेना. सवयीने ते दाराला पाठ लावून उभे राहिले. उभे राहिल्यावर लोक येऊन त्यांनाच विचारू लागले, "काका, बाथरूम कुठं हाय?" पहिल्या चौघांना त्यांनी वय विचारलं. मग सोडून दिलं. पोराचं घर बसता बसता आपण मोडलं, एवढंच मनात फिरत होतं. तेरावं घर शोधायचं तर शिवम तेहतीसचा होईल. आणि आता पार्वताबाई तीस लिहिणार की एकतीस?

अडीच तासांनी दार उघडलं. आधी शिवम आणि आकांक्षा आले, दोघांच्या मध्ये एकच लाह्यांची पिशवी. मग दोघी विहिणी. सगळ्यांत शेवटी खुशालराव. चेहरा उतरलेला.

"कापलं," ते म्हणाले. "नवरी इहिरीजवळ जाते. पाणी हालते. कोणी तरी वर येऊन राहिलं, हात दिसते... अन् सकाळ! एकदम सकाळ! लोकं शेतात काम करून राहिले! सोळाचा शिक्का घ्याले कापलं सगळं!"

अमरीनने दुसरीकडे पाहिलं. खुशालरावांनी नत्थुजींचा दंड धरला. "नत्थुजी, तुमी पाच आठवडे तिथं होते. रोजचे चार खेळ. सांगा मले, इहिरीतून काय निघते? खरं सांगा. आज लय खोटं ऐकलं मी. यावर सगळं हाय."

सगळे नत्थुजींकडे पाहू लागले. शिवम तर डोळ्यांनीच हात जोडत होता. नत्थुजींच्या जिभेवर एक छान भूत आलंही. पांढरी दाढी, हातात कंदील, पाय उलटे. सांगून टाकावं! कोण तपासतो? फिल्म कापलेली, टॉकीज पडलेलं. पण तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"मले माहीत नाही जी."

"काय?"

"मी दारावर होतो. माही पाठ पडद्याकडे, तोंड बाहेर. एकही खेळ आत जाऊन पाह्यला नाही. दार कोण सांभाळीन?"

पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले. खुशालरावांनी दंड सोडला.

"एकही नाही?"

"एकही नाही. आवाज तेवढा ऐकू ये."

"कशाचा? किंकाळ्या?"

नत्थुजी घुटमळले. "आता खरं सांगा म्हणता म्हणून सांगतो. हसण्याचा. ते इहिरीतलं वर आलं की सारं टॉकीज हासे. अर्ध्या घंट्यानं बाहेर निघत, तरी पोट धरून हासत. 'काय बावा भूत होतं,' म्हणत, 'ढेरी सुटलेलं!'"

अमरीनने मघा नत्थुजींना दिलेल्या खुर्चीवर खुशालराव बसले. पंचेचाळीस वर्षांची विहीर एका मिनिटात आटली होती.

"अन् दादा सांगे, भीतीनं आठ दिवस झोपला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर करून त्यांनी नत्थुजींकडे पाहिलं. "सकाळपासून एवढंच खरं ऐकलं मी."

पार्वताबाईंनी संधी सोडली नाही. "मंग साखरपुड्याचं कसं करता इवाईबुवा?"

"करा, करा," खुशालरावांनी हात हलवला. "महिना पाहून करा. बत्तीस तं बत्तीस."

शकुनबाईंनी पिशवीतून पेढे काढले. सगळ्यांची तोंडं गोड झाली, अमरीनचंही. शिवम तर एसटी स्टँडपर्यंत जमिनीवर चालला की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

गाडी अकोटकडे निघाली. पार्वताबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि डोकं खिडकीला टेकवलं. नत्थुजी मात्र ताठ बसून होते. गांधीग्राम मागे पडलं. शेवटी त्यांनी बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले,

"शिवमची माय, एवढं सगळं होऊन बी हा माणूस हो म्हणते! पाह्य बरं, काही तरी लपवून राहिला हा!"